ताईच्या सहा नळ्या

आमच्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. आजारी माणूस बिचारा हात पुढे करतो. धडधाकट माणूस सुई बघून पळतो. म्हणून आम्ही घरच्यांनाच धरून आणतो. मी दरवर्षी थोरल्या बहिणीला आणायचे. "लहानपणापासून माझं रक्त पितेसच, आता नळीतही भर," म्हणत ताई बाही वर करायची. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. मग नळी थेट फ्रीजरमध्ये. फ्रीजर माझ्या ताब्यात. दार उघडं टाकणाऱ्याची मी खैर ठेवत नाही.

आमची नवी चाचणी हळू वाढणाऱ्या कॅन्सरची खूण रक्तात शोधते, गाठ डॉक्टरांना दिसायच्या कितीतरी आधी. यंदा तिनं एका निरोगी नमुन्यावर बोट ठेवलं. "मशीनला वेड लागलंय!" मी तणतणले. तीनदा तपासलं, तीनदा तेच. शेवटी मोठ्या मॅडमनी कुठला नंबर कुणाचा, ती वही उघडली.

नंबर ताईचा होता.

"चाचणी चुकलीय, मॅडम. अहो, चार जिने चढते ती, वर मलाच हसते!"

"मग तिच्या जुन्या नळ्या काढ," मॅडम म्हणाल्या.

पाच जुन्या, एक यंदाची. फ्रीजरचं दार मीच उघडं टाकलं आणि मला कुणी काही बोललं नाही. पडद्यावर सहा रेघा उमटल्या. पहिली सपाट. दुसरीही. तिसरीत इवलासा उंचवटा, डोळे बारीक करून पाहावा असा. मग दरवर्षी थोडा थोडा वर.

अगं बाई! ताई लेकीच्या लग्नात नाचली, तेव्हाही तो होता. तिला पत्ता नव्हता, डॉक्टरांना नव्हता, आणि माझ्या फ्रीजरमधल्या चमचाभर रक्ताला सगळं ठाऊक होतं. जिवाचं पाणी झालं होतं, तरी त्या पडद्यापुढे हात जोडावेसे वाटले.

ताईला तपासायला नेलं, तर आतड्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली. "ही आमच्याकडे पसरल्यावरच येते. एवढ्यात सापडली कशी?" सर्जन विचारत राहिले. त्यांनी ती अख्खी काढली.

तीन महिन्यांनी ताई पुन्हा आली. "घे, पी," म्हणाली आणि या वेळी निकालापर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली. पडद्यावर रेघ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

ताईनं माझा हात घट्ट धरला. "काहीच दिसत नाही गं. मशीन बिघडलं का?"

"नाही ताई," मी म्हणाले, "ते कधीच बिघडलं नव्हतं." आणि तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.