चर्चभोवती तीन फेऱ्या

“म्हणजे आमची ख्रिस्ताची मिरवणूक कुठंच पोचत नाही, असं शिकवता तुम्ही पोरांना?” झम्फिराच्या आजीने मुख्याध्यापकांच्या टेबलावर पिशवी आपटली.

“विस्थापन शून्य, एवढंच म्हटलं मी,” भौतिकशास्त्राच्या डोम्निकाबाई म्हणाल्या. “निघालो तिथंच परत आलो की विस्थापन शून्य. म्हणून सरासरी वेगही शून्य. चाललेलं अंतर आहेच की, आजी.”

“ऐका. आता वेगही काढून घेतला.”

मी वर्गशिक्षक म्हणून हजर होतो. लॅटिन शिकवणाऱ्याला या गावात साक्षीदाराखेरीज दुसरी भूमिका उरलेली नाही.

राजधानी बुखारेस्टने पाठवलेल्या पाठ्यपुस्तकात उदाहरणे आगगाड्यांची होती. मुले ती उतरवून घेत आणि विसरत. झम्फिरा तर प्रत्येक चाचणीत अंतरालाच विस्थापन म्हणे. अखेर बाईंनी विचारले, “गुड फ्रायडेला मेणबत्ती घेऊन चर्चच्या दारातून निघतेस, तीन फेऱ्या मारून त्याच दारात येतेस. दारापासून किती लांब गेलीस?”

“तिथंच की, बाई!” मुलगी हसली. तिला कळले होते. त्या आनंदात तिने ते सगळ्या बाकाला समजावले आणि घरी, उपवासाच्या घेवड्याच्या सारावर, आजीलाही. ज्ञान वाटावे असे आम्हीच शिकवतो.

“बाई, शाळेचं छप्पर चर्चनं घातलंय,” मुख्याध्यापक रूसू हळूच म्हणाले. “तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. या वयात बदली होऊन डोंगरातल्या शाळेत कशाला जाता?”

झम्फिराला बोलावले गेले.

“काय शिकवलं गं बाईंनी?” रूसूंनी विचारले.

तिने आजीकडे पाहिले, मग बाईंकडे. “बाईंनी बरोबरच शिकवलं, सर. मलाच कळलं नव्हतं.”

“मग विस्थापन म्हणजे काय?”

“जेवढं चाललो तेवढं.”

“बघा,” आजी समाधानाने म्हणाली, “पोर मुळात हुशार आहे.”

डोम्निकाबाईंचे ओठ विलगले. उत्तर चूक म्हणावे, तर मुलीने त्यांच्यासाठी सांगितलेले खोटे उघडे पडणार होते. त्यांनी ओठ मिटले. मीही मिटलेलेच ठेवले. माझ्याजवळ तर तेवढेही कारण नव्हते.

“झालं तर मग,” रूसू म्हणाले.

पुढच्या तासाला मी डोम्निकाबाईंच्या वर्गावरून गेलो. बाई फळ्यावर लिहीत होत्या : ‘एक वस्तू क बिंदूपासून ख बिंदूपर्यंत जाते.’ कोणती वस्तू, कुठून, कशासाठी, काही नव्हते. झम्फिरा खाली मान घालून ते जसेच्या तसे उतरवून घेत होती.