पांढरे चौकोन

"म्याडम, माझ्याकडं तर सगळे फोटो दिसून राहिलेत. तुमच्याच फोनात गडबड हाय." सत्यमने हे चौथ्यांदा ऐकवलं तेव्हा माझं टाळकं सटकलं. फोन कट केला आणि नांदेडहून सरळ लातूरची बस धरली.

बावीस वर्षं मी शिवणक्लास चालवते. माझ्या हाताखालून गेलेल्या बायका कंधार, मुखेड, देगलूरपर्यंत मशीन चालवतात. मशीनचा एखादा भाग मोडला की गावात मिळत नाही, म्हणून मी लातूरच्या सत्यमकडून वेबसाइट करून घेतली. शटल, बॉबिन, सुया, पट्टे, सगळ्यांचे फोटो. फोटोवर बोट ठेवलं की ऑनलाइन दुकान उघडतं, वस्तू घरपोच येते, मला थोडं कमिशन सुटतं. फोटोही त्या दुकानाकडूनच येतात. माझ्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही, देगलूरकडच्या काहींना मराठीपेक्षा तेलुगू जवळची. त्या फोटो बघूनच वस्तू ओळखतात. फोटो नसतील तर त्यांच्यासाठी ते पान कोरंच.

आणि ते कोरंच होतं. गेल्या आठवड्यात माझा जुना फोन पडून फुटला. नव्यावर वेबसाइट उघडली तर फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन. सत्यम म्हणाला, कॅशे, म्हणजे फोनात साठलेलं जुनं, साफ करा. केली. नेट बदला. बदललं. फोन बंद करून चालू करा. तेही केलं. शेवटी म्हणतो, नीट बघा. नीट बघा म्हणे! चष्म्याशिवाय सुईच्या नेढ्यात दोरा ओवणाऱ्या बाईला हा शहाणा बघायला शिकवणार.

लातूरला त्याच्या ऑफिसात गेले आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "दाखव तुझा फोन."

त्याने दाखवला. शटल होतं, बॉबिन होती, सगळं जागच्या जागी. वर हसला.

"आता तुझी कॅशे साफ कर," मी म्हणाले.

"माझी कशाला, म्याडम?"

"मला करायला लावलीस ना? आता तू कर."

त्याने केली. पान पुन्हा उघडलं. पांढरे चौकोन. त्याचं हसू गेलं आणि तो खुर्ची ओढून कॉम्प्युटरला भिडला. दहा मिनिटांनी मान वर न करताच बोलला, "दुकानानं फोटोंचे जुने पत्ते, म्हंजे लिंका, बंद केलेत. एकदा बघितलेला फोटो फोन आपल्यापाशी साठवतो, म्याडम. पुढच्या टायमाला तिकडून आणतच न्हाई, साठवलेलाच दाखवतो. म्हणून मला दिसत होते."

"कधी बंद केलेत?"

"दोन महिने झाले असतील. ज्यांचा फोन नवा हाय, नायतर ज्यांनी साफ केला, त्यांनाच दिसले नसतील."

मग मात्र मी उसळले. "ज्याला दिसत नाही त्यालाच वेड्यात काढतोस? एकदा तरी दुसऱ्याच्या फोनात बघायचं होतंस! समोरचा खरं बोलत असेल, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही का रे?"

"चुकलं, म्याडम," तो म्हणाला. क्लासच्या कपाटातल्या सामानाचे मी काढलेले फोटो माझ्या फोनात होते, तेच त्याने थेट वेबसाइटवर चढवले. चार वाजेपर्यंत माझ्या नव्या फोनवर सगळं दिसू लागलं. जिंकल्यासारखी मी बसस्टँडवर आले.

तिथे बाकड्यावर बसल्यावर ते 'दोन महिने' डोक्यात घुसले. दोन महिन्यांपूर्वीच देगलूरहून नागुबाईचा फोन आला होता. माझ्या क्लासातला सगळ्यात चांगला हात तिचा, लग्नाचे ब्लाउज शिवून घ्यायला बायका तेलंगणातून येतात. ती म्हणाली होती, "म्याडम, फोन भरला म्हणून मोबाइलच्या दुकानात साफ करून घेतला, तवापासून फोटोच दिसंना झालेत." मी माझ्या जुन्या फोनवर बघितलं. सगळे होते. क्लासची घाई होती, मी डाफरले, "माझ्यासमोर फोटो आहेत, नागुबाई. डोळे तपासून घे."

मी तिला फोन लावला. "वेबसाइट उघड बरं. फोटो दिसतात का?"

"आता कशाला, म्याडम? मशीन पुतणीला देऊन टाकली."

"देऊन टाकली? का?"

"तुम्हीच म्हणल्या ना डोळे तपास. तपासले, चष्मा घेतला. चष्मा लावून बी पांढरंच. म्हणलं, म्याडमला दिसून राहिलंय अन् मला न्हाई, म्हणजे डोळे कामातून गेले. कुणाचं लग्नाचं कापड बिघडवावं कशाला?"

"अगं, सुईत दोरा जातो का तुझ्या?"

"जातो की. पण तुम्ही म्हणल्या होत्या."

मला माझीच लाज वाटली. जड गेलं तरी सांगून टाकलं, "नागुबाई, तुझे डोळे चांगले आहेत. फोटोच नव्हते. चूक माझी."

आजवर माझ्यापुढे कधी आवाज न चढवलेली ती बाई कडाडली, "सुईत दोरा जात होता माझा, म्याडम! रोज जात होता! मी सांगितलं तवा एकदा तरी दुसऱ्याच्या फोनात बघायचं होतं!"

तिने फोन ठेवला. समोर नांदेडची बस लागली होती. ती सोडून मी चौकशीच्या खिडकीवर गेले आणि देगलूरची बस किती वाजता आहे ते विचारलं.