सुरूची मिटलेली बोंडे

मित्रांनो, सरळ बसा. मी एकदाच सांगणार आहे. मी एक वयोवृद्ध काकाकुवा आहे, काळ्या कुळातली. आमचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील एका बेटावरचे. मी अंड्यात असतानाच चोरट्यांनी मला निलगिरीच्या ढोलीतून पळवले. विमानतळावर ते पकडले गेले आणि माझा जन्म इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनजवळच्या पक्षी-संगोपन केंद्रात, दिव्याच्या उबेत झाला.

आमच्या कुळाच्या गरजा दोनच. घरटे जुन्या झाडाच्या खोल ढोलीत हवे. तशी ढोली व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. आणि अन्न म्हणजे सुरूच्या बोंडांतले बारीक बी. दिवसभर बोंडे फोडावीत, तेव्हा कुठे पोट भरते. तिकडे दोन्ही झाडे तुटली, जळाली, म्हणून आम्ही मोजकेच उरलो.

केंद्राने मला पोकळ ओंडका दिला. बोंडे दर आठवड्याला कॉर्नवॉलच्या एका बागेतून येत. येथे मी सहा पिले वाढवली आणि पिंजऱ्यात माझा शब्द कोणी मोडला नाही.

या वसंतात सातवे पिलू झाले. ते दहा दिवसांचे असताना वादळात बागेतली सुरूची झाडे उन्मळून पडली. बोंडे थांबली. आमची देखभाल करणाऱ्या वैभवीने सूर्यफुलाचे बी ठेवले. आम्ही त्याला चोच लावली नाही. माझे यजमान, म्हणजे पिलाचे वडील, मला भरवतात, मी पिलाला. त्यांचाच गळा रिकामा, तर मी काय देणार? चौथ्या दिवशी पिलाचा आवाज धाग्यासारखा झाला.

त्या सकाळी वैभवीची आजी सुहासिनीबाई इल्फर्डहून आल्या. डब्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरव्या मिरच्या आणि पेरूच्या फोडी.

"माहेरी आमचा पोपट यावरच वाढला."

"आजी, ही पोपट नाही. कॉकाटू आहे."

"चोच वाकडी आहे ना? मग झालं."

मी पाठ फिरवली.

"बघा, केवढा तोरा!"

"तुझ्यासारखी तोरा आहे, आजी."

"तुझ्यासारखा म्हण! आणि उलट बोलू नकोस."

सुहासिनीबाई समोर बसून राहिल्या. मी जमिनीवरचे एक रिकामे बोंड उचलले, फिरवले, टाकले; पुन्हा तेच उचलले. त्यांची नजर खिळली.

"अगं, ही माजोरडी नाही. हिला दुसरं खाताच येत नाही. आणि हे तर सुरूचं बोंड! मुरुडला आमच्या वाडीमागे सुरूचं बन होतं."

"पण ते झाडं पडली ना. बागेतले लोक म्हणाले, ऑल गॉन."

"झाड पडलं म्हणून बोंडं मेली? पडलेल्या फांद्यांची बोंडं आम्ही बंबात जाळायला वेचायचो. ओल असेतो ती मिटलेली राहतात. दोन दिवस कडक ऊन लागलं की उघडतात, बी उडून जातं. तिकडे ऊन कधीपासून आहे?"

वैभवीने फोन पाहिला. तिचा चेहरा उतरला. "कालपासून."

"मग उभी काय राहिलीस? गाडी काढ!"

वैभवीने गाडीतूनच बागेत फोन लावला. फांद्यांचा भुगा करण्याचे यंत्र दुपारी सुरू व्हायचे होते. ते तिने थांबवायला लावले.

ती गेली. दुपारी पिलू गप्प झाले. मी छातीखाली त्याची धडधड शोधत होते. कधी लागे, कधी न लागे. सुहासिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. "रड रे बाळा, रड," एवढेच म्हणत होत्या.

संध्याकाळी गाडी आली. पहिले पोते उपडे केले. सारी बोंडे उघडलेली, रिकामी.

दुसऱ्या पोत्यातली सावलीच्या बाजूची होती. ती मिटलेली होती.

यजमानांनी एक फोडले, मग दुसरे, मग विसावे. त्यांनी मला भरवले. पिलाला चोच उघडण्याचे बळ नव्हते. मी त्याच्या चोचीवर टकटक केले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती किंचित फाकली.

पिलू वाचले. शीतगृहात ठेवलेली बोंडे वर्षभर पुरतील, असे वैभवी सांगते. बागेत नवी रोपे लागली आहेत. ती फळायला सात वर्षे जातील. मित्रांनो, सुहासिनीबाईंच्या डब्यात मायेची कमतरता नव्हती. पण माया करण्याआधी विचारावे, की तू काय खातोस, तू कुठे राहतोस. आणि झाड लावायचे असेल तर आजच लावावे. मी म्हातारी थांबेन सात वर्षे. माझ्या पिलाला उद्या सकाळीच भूक लागणार आहे.