फुगलेला पट्टा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो सदरा, पदर वर करून आपल्या कमरेचा पट्टा शेजाऱ्याच्या पट्ट्याशी ताडून बघत होता.

"माझा अजून सपाटच."

"श्रद्धा कमी पडतेय तुमची. हा बघा, कसा टरारलाय!"

व्यासपीठावरून तेजबाबा प्रेमाने हसले. "पट्टा व्याधी ओढून घेतो, बाळांनो. आधी ऊब, मग फुगवटा, मग सुगंध. चार्जिंगची वायर काढायची घाई नको, शक्ती भरेल तेवढी भरू द्या. पट्टा उघडायचा मात्र नाही. उघडलात, तर दुखणं दुप्पट होऊन परत!"

जन्मभर शिलाई मशीनवर वाकून आप्पांची कंबर गेली होती. त्यांनी लेकीला पट्टा दाखवला. "वास घे बघू. गोडसर आहे की नाही?"

तिने वास घेतला. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा होता. कापडाखालची चपटी बॅटरी उशीसारखी वर आली होती. अशी बॅटरी धोक्याची, हे वाचनालयात काम करणाऱ्या तिने कधीच वाचलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण घरी परतताना आप्पा काठीशिवाय जिना चढले आणि चौथ्या पायरीवर वळून म्हणाले, "काय गं, तुझ्या पुस्तकांत आहे का हे?" आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायर लावलेला पट्टा कमरेला बांधूनच आप्पा आडवे झाले. आगीचा निरोप मिळताच ती वाचनालयातून धावत घरी पोचली तेव्हा शेजारच्या मावशीने लोक जमवून दार फोडलं होतं. गादी जळाली होती, पडदा जळाला होता. मशीनच्या सुईखाली अर्धा शिवलेला सदरा काळा पडून तसाच अडकला होता. आप्पा वाचले नाहीत.

पंधरवड्याने तेजबाबांची पुन्हा सभा भरली.

"आप्पांनी पट्टा उघडला असणार," बाबा हळहळले. "सांगून ऐकत नाहीत हो माणसं."

माना डोलल्या. पहिल्या रांगेत मावशीही होती. तिच्या पदराखालचा पट्टा चांगला दोन बोटं फुगला होता.

"मावशी, काढ तो," लेक तिच्या कानाशी लागून म्हणाली.

"वेडी का काय? आत्ता कुठे सुगंध यायला लागलाय. काढला आणि दुप्पट दुखलं तर?"

तेवढ्यात लेकीने सोबत आणलेली मोबाईल दुरुस्तीवाली पुढे झाली. तिने एक कोरा पट्टा सगळ्यांसमोर टेबलावर उसवला. आतल्या बॅटरीचं चकचकीत वेष्टण सोललं, तर खाली जुनं, विटलेलं दुसरं वेष्टण निघालं.

"टाकून दिलेली बॅटरी आहे ही, नवा झगा घातलेली. भरली की चार्जिंग थांबवणारा भागच यात बसवलेला नाही. मग ती तापते, आत वायू धरून फुगते आणि कडेला चीर गेली की पातळ रसायन झिरपतं, त्याचा हा वास. यांच्या तिन्ही प्रचीती म्हणजे पेट घेण्याआधीच्या तीन खुणा आहेत!"

"स्क्रू पिळणारीला श्रद्धा काय कळणार?" बाबा गरजले.

"मला नाही कळत, महाराज. तुम्हाला कळते ना? मग मावशींचा पट्टा सोडवून जरा हातात धरा."

मावशी भाबडेपणाने उठून व्यासपीठाकडे निघाली. ती एक पाऊल पुढे आली, तसे बाबा दोन पावलं मागे सरले. मग आणखी दोन. पाठ भिंतीला टेकली.

बाबांना सगळं ठाऊक होतं, हे शेवटच्या रांगेलाही दिसलं. तरीही मावशीचा हात बकलापाशी थबकला. दुप्पट दुखण्याची धास्ती अजून सुटत नव्हती. दुरुस्तीवालीने पट्टा टाकायला सोबत आणलेली वाळूची लोखंडी बादली दाराबाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवली.

लेक मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"आप्पांनी पट्टा उघडला नव्हता, बक्कल लावलेलंच सापडलं. आदल्या दिवशी मी तो फुगलेला पाहिला, वासही घेतला. मला कळलं होतं, मावशी. ते खुशीत होते म्हणून मी बोलले नाही. कुणाचा आनंद मोडेल म्हणून कळलेलं गिळायचं नसतं, हे मला फार उशिरा उमगलं. दुखतं तर डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. पण आत्ता, या क्षणी, काढ तो पट्टा."