वर्षाच्या आतला खर्ज

चावीखालची चामड्याची गादी, अर्ध्या शेकेलच्या नाण्याएवढी, अजून किंचित ओलसर होती. अव्नेरने ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि वाद्य तोंडाला लावलं—ऑफिक्लाइड, दीडशे वर्षांपूर्वीचं, चाव्यांचं पितळी धूड, ट्यूबा आल्यावर जगाने अडगळीत टाकलेलं आणि त्याने जाफाच्या जुन्या बाजारातून मोडक्या अवस्थेत उचलून आणलेलं. आई त्याला बंब म्हणायची. सात वर्षं त्याचा सगळ्यात खालचा स्वर फाटकाच यायचा... आज आला. भरलेला, गोल. अव्नेर एकटाच हसला.

हसला आणि लगेच दाराकडे पाहिलं. पप्पांना जाऊन चारच महिने झाले होते. आईबाप गेले की वर्षभर गाणंबजावणं नाही, ऐकायचंसुद्धा नाही. रामल्याच्या सिनेगॉगमध्ये रोज सकाळी पप्पांसाठी कद्दीश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणणाऱ्याला हे कुणी सांगायला नको. सूट एकच, पोट त्यावर असेल तर. तिथे प्रार्थना चालवणाऱ्या हजान हासाजींनी विचारलं होतं, "तुझी परनासा आहे का ही, पोटापाण्याचा धंदा?" तो हो म्हणाला होता. धडधडीत खोटं! पोट भरतं ते शाळेत मुलांना ट्यूबा शिकवून. या बंबाने आजवर नुसतं खाल्लं. पण पुढच्या महिन्यात तेल अवीवला कार्यक्रम होता, असं वाद्य इथे कुणी ऐकलं नव्हतं, आणि... नाही, तेही कारण नाही. मला वाजवायचं होतं. बापाच्या कबरीवरची माती बसली नव्हती आणि मला वाजवायचं होतं.

स्वयंपाकघरात आई फोनवर बेर्शेबाच्या युडिथमावशीशी बोलत होती.

"आगं, परनासा आहे त्याची. बाप गेल्यावर हौस म्हणून कोण वाजवील? माझा अव्नेर तसा नाय."

चोराच्या मनात चांदणं. त्याचे कान तापले. पप्पा किर्यात गातच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे, निवृत्त झाल्यावरही ती सवय मोडली नाही. म्हणून लहानपणापासून तो दबक्या श्वासानेच वाजवत आला—पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं आहे, हे धरूनच... सात वर्षं गाद्या बदलल्या, चाव्या घासल्या, दोष पितळेला दिला. पप्पा गेल्यावर आज पहिल्यांदाच तो वाजवत होता, आणि पलीकडे कुणी झोपलेलं नव्हतं. म्हणून छाती भरून श्वास घेतला गेला, म्हणून स्वर लागला. पप्पा असते तर लागला नसता. हे त्याला कळलं आणि कळल्याबद्दल स्वतःचीच शिसारी आली.

आई दारात आली. "थांबलास कशाला? वाजव. पोटाचं काम आहे, त्यांना राग नाय यायचा."

"हो, आई," तो म्हणाला.

ती तिथेच उभी राहिली. आता फाटकाच वाजवायचा, त्याने ठरवलं, नेहमीसारखा दबून, पप्पांना चालेल तसा. निदान एवढं तरी. पण श्वास त्याला न विचारता खोल उतरला, स्वर पुन्हा भरूनच आला, आणि आईच्या देखत, पप्पांच्या घरात, लाज वाटायच्या आधी त्याला आनंद झाला.