वीस गाणी आणि चिकटलेली पानं

समजा हं, तुमच्या हातात एक जाडजूड पुस्तक आहे. हिरव्या पुठ्ठ्याचं, कोपरे दुमडलेलं. त्यात पऱ्या आहेत. पण छडी फिरवून खाऊ देणाऱ्या नव्हेत. माणसाएवढ्या उंच, काचेच्या पंखांच्या, आणि काही घेतल्याशिवाय काही न देणाऱ्या. आता समजा, एक प्रकरण वाचून झालं आणि तुम्हाला वाटलं, अरे, याला तर अमुक गाणं शोभेल. आणि ज्या माणसाला ते ऐकवावंसं वाटतंय, ते माणूस भर समुद्रात आहे. एवढं डोळ्यांपुढे आणलंत की आपल्या गोष्टीतली मुलगी तुम्हाला दिसायला लागेल.

ती तेरा वर्षांची होती. जुनी तिकिटं, दोऱ्याची रिळं, पेनांची टोपणं, काही म्हणून टाकायची नाही. त्यामुळे तिचा मामा तिला खारूताई म्हणायचा, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. वडील ती लहान असतानाच गेले होते. आई एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण. अठरा माणसांचं तीन वेळचं खाणं तिच्या हातात. जहाज सुटलं की पाच महिने ती परत यायची नाही. तेवढे दिवस खारूताई मामाकडे राहायची.

मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर दोन खोल्या. माणूस भला, पण डोळ्याला भिंग लावलं की तोंडाला कुलूप.

"मामा, तू बोलत का नाहीस?" ती विचारायची.

"बोललो की स्प्रिंग उडते. गेल्या वर्षी एकदा बोललो होतो, ती स्प्रिंग अजून सापडायचीय."

मग खारूताई वर जाऊन खिडकीत बसायची. शाळा नवी होती. तिथे कोणी तिला त्रास देत नव्हतं, पण कोणी तिची जागा धरूनही ठेवत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून डबा खायची आणि तो कसाबसा पुरवून पुरवून घंटेपर्यंत न्यायची.

या खेपेला आई निघाली तेव्हा खारूताईने तिच्याशी एक करार केला. पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक आईला, एक तिला. दर शनिवारी जहाजावर थोडा वेळ इंटरनेट मिळायचं. आठवड्याला एक प्रकरण दोघींनी वाचायचं, आणि त्याला शोभेलसं गाणं खारूताईने शोधून शनिवारी पाठवायचं.

"आणि मी काय करायचं?" आईने विचारलं होतं.

"आधी वाचायचं, मग ऐकायचं. आणि वाचलंस की कळवायचं. आधी ऐकायचं नाही हं, चीटिंग होईल."

"बरं बाई."

पुस्तकातली गोष्ट अशी होती. एका नावाड्याच्या मुलीची धाकटी बहीण पऱ्यांनी पळवून नेलेली असते. तिला आणायला ही पऱ्यांच्या नदीपाशी जाते. पलीकडे सोडायचा मोबदला म्हणून काचपंखी परी तिचा आवाजच मागून घेते. तिसऱ्या प्रकरणापासून ती मुलगी मुकी.

इथेच खारूताईचं घोडं अडलं. मुलीला आवाज नाही, तर बाईच्या आवाजातलं गाणं तिला कसं चालेल? चालणार नाही, असं तिने ठरवून टाकलं. तेव्हापासून नुसती वाद्यं, नाहीतर पुरुषांची गाणी.

"मग मी गाऊ का?" मामा म्हणाला.

"नको."

"विचारलं आपलं."

एकेका गाण्यासाठी ती चार-चार दिवस घालवायची. नदी ओलांडायच्या प्रकरणाला तिने वल्ह्यांच्या ठेक्याचं गाणं दिलं. पऱ्यांच्या मेजवानीला इतकं भरधाव गाणं दिलं की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. चौदाव्या प्रकरणात मुलगी वर्षभर एका दगडी खोलीत कोंडलेली असते. त्याला कुठलंच गाणं बसेना. शेवटी तिने मामाच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांची टिकटिक फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड केली. तेवढा वेळ मामाने शिंकसुद्धा दाबून धरली.

दर शनिवारी आईचं उत्तर यायचं, "वाचलं. छान." कधी नुसतंच "छान." खारूताई तेवढ्यावर आठवडा काढायची. आपण वाचतोय ते पान कुठेतरी लाटांवर आईही वाचतेय, असं वाटलं की खिडकी जरा कमी रिकामी वाटायची.

वीस प्रकरणं झाली. बावीसचं पुस्तक. शेवटची दोन तिने मुद्दाम वाचलीच नाहीत. बहीण घरी परत येते का, आवाज परत मिळतो का, सगळं त्या दोनांत. हात शिवशिवायचे, पण आई आल्यावर एका पांघरुणात बसून वाचायचं तिने मनाशी धरलं होतं. तिने ती पानं रबरबँडने बांधून ठेवली.

आई आली. तीन आठवड्यांची सुट्टी. पहिला दिवस तिने झोपून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मामाच्या स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळायला लागली आणि खारूताई तिची बॅग रिकामी करायला बसली.

कपड्यांच्या तळाशी हिरवं पुस्तक होतं. कोपरे ताठ. दुकानाची पावती पहिल्या प्रकरणाच्या शेवटाला तशीच. दुसऱ्या प्रकरणाची पहिली दोन पानं पिठाने चिकटून बसली होती, आणि त्यापुढे पांढरं स्वच्छ. पानं उलगडताना कोऱ्या पुस्तकासारखी करकरली.

खारूताईने आपलं पुस्तक आणून शेजारी ठेवलं. एक उन्हात पडलेल्या पापडासारखं वाकलेलं, दुसरं काल विकत आणल्यासारखं. एकोणीस आठवडे ती एकटीच वाचत होती.

पुस्तक घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तू वाचलंच नाहीस."

आईचे हात कोपरापर्यंत पिठात होते. पुस्तकाकडे बघून ते जागच्या जागी थांबले.

"नाही," ती म्हणाली.

"दर वेळी लिहायचीस. वाचलं, वाचलं."

"खोटंच लिहिलं. पहाटे चारला उठायचं, रात्री भांडी आवरली की आडवी. दोनदा पुस्तक समोर उघडं ठेवून मळायला घेतलं, बघ काय झालं त्याचं. हात मोकळे नसतात गं माझे. मग वाटलं, खरं सांगितलं तर तू गाणी पाठवायची थांबवशील."

"थांबवलीच असती."

"तेच."

जिन्यावरून मामाचं डोकं वर आलं, आणि दोघींकडे बघून आल्या पावली खाली गेलं.

"मग गाणी तरी ऐकलीस का?" खारूताईने विचारलं.

"मळताना. भाजी चिरताना. माझ्याबरोबर सगळं जहाज ऐकायचं. इंजिनवाला दर शनिवारी येऊन विचारायचा, या खेपेला काय झालं? पुस्तक तर माहीत नाही. मग मी आपली गाण्यावरूनच सांगायचे. मनाला येईल ते."

"काय सांगायचीस?"

"एक मुलगी असते. उंचावर राहते, खाली कसलीशी टिकटिक चालू असते. सुरुवातीला गाते. मग एकदम बाईचा आवाज बंदच झाला गाण्यांतला. मी म्हटलं, ही बोलेनाशी झालीय. शाळेत बोलायला कोणी नसेल."

खारूताई पुस्तकाची कड नखाने खरवडत राहिली.

"नववं गाणं आलं, नुसतं व्हायोलिन. मी त्यांना सांगितलं, आज ती आजारी आहे. जेवली नाहीये. इंजिनवाला चिडला माझ्यावर. म्हणाला, पोरीला असं का ठेवता, कोणाला तरी पाठवा तिच्याकडे. मी म्हटलं, गोष्ट आहे अरे." आईने कोपराने कपाळावरची बट मागे सारली. "पुस्तकात तसं नसेल."

पुस्तकात तसं नव्हतं. पुस्तकात नवव्या प्रकरणात मुलीला बहीण भेटते, पण ती हिला ओळखत नाही. मात्र त्या शनिवारी खारूताईला ताप होता, आणि मामाने केलेला भात तिने तसाच झाकून ठेवला होता. हे तिने आईला कधीच कळवलं नव्हतं. मामालाही कळवू दिलं नव्हतं.

"तसं नाहीये," ती म्हणाली. "पण तुझा इंजिनवाला बरोबर बोलला."

आईने मान खाली घातली आणि पुन्हा मळायला लागली, हळूहळू, पीठ केव्हाच मळून झालेलं असतानाही. राग खारूताईच्या नाकावर अजून होताच. तो असा एका दुपारी उतरणारा नव्हता.

ती खाली दुकानात गेली. "मामा, तुझा तो पातळ चिमटा दे. आणि ते बारीक पातं."

"काय उघडायचंय?"

"पानं."

मामाने भिंग न काढताच दोन्ही काढून दिली. "हळू. जोर केलास तर फाटतील."

ती वर आली. आईसमोर स्टूल ओढून बसली आणि पिठाने चिकटलेली ती दोन पानं कडेने एकेक केस सोडवावा तशी सोडवू लागली. एका कोपऱ्यात तीन शब्द गेले. ते तिला पाठ होते. मग तिने आपल्या खिशातला फोन काढून आईच्या बाजूला, पीठ लागणार नाही असा टेकवून ठेवला.

"प्रकरण संपलं की याला कुठलं गाणं ते तू सांगायचंस," ती म्हणाली. "माझं ऐकलंयस म्हणून तेच सांगायचं नाही."

"आणि हात धुऊ का?"

"नको. तू मळ."

आणि खारूताईने दुसरं प्रकरण मोठ्याने वाचायला सुरुवात केली.