यंदा घंटा वाजली नाही

चाळीस दिवस देवळाची घंटा मुकी ठेवायची, ही एकलहऱ्याजवळच्या त्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कुंदन साळवे दोर गुंडाळून खुंटीला अडकवायचा, तो थेट ईस्टरच्या पहाटे सोडायचा. कुंदन वीजकेंद्रात कामाला, तोही राख वाहून नेणाऱ्या विभागात. "सगळ्यांच्या कपाळाला वर्षातून एकदा राख, तुमच्या रोजच," असं त्याची बायको शुभांगी त्याला चिडवायची.

घंटेचं काम बापाकडून आलेलं. बाप दवाखान्यात होता त्या आठवड्यात कुंदनने केली तेवढी प्रार्थना जन्मात केली नव्हती. बाप गेला तो गेलाच. तेव्हापासून त्याच्या मनात देवाबद्दल नुसता गोंधळ. आहे म्हणावं तर जीभ रेटत नाही, नाही म्हणावं तर छातीत धस्स होतं. पण हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. ईस्टरच्या पहाटे सगळे "प्रभू उठला आहे" म्हणत एकमेकांना मिठ्या मारायचे, तेव्हा हा गडी मनोऱ्यात दोर ओढत असायचा. घंटा वाजवणाऱ्याला तोंडाने काही बोलावं लागत नाही. मोठी सोय होती बघा ती.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी दुपारी तो तेलाची बाटली घेऊन वर चढला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर आधी कुबट वास आला, मग कुकरची शिटी अडकल्यासारखा फुत्कार. घंटेच्या बरोबर खाली, फळीवर, पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलं होतं. बाजूला उंदरांची हाडं, आणि पोटाखालून डोकावणारी तीन पिल्लं. एकापेक्षा एक कुरूप!

"वा गं बाई!" कुंदनला हसू फुटलं. "चाळीस दिवस घर रिकामं दिसलं, तर बिऱ्हाडच थाटलंस?"

मग त्याचं लक्ष घंटेच्या काठाकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. दोराला एक हिसका, की तो काठ पिल्लांना फळीवरून खाली लोटणार. हातोडीने हळू ठोकावी, तर आवाजाने मादी बिथरून पळायची.

तो तसाच मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेला. त्यांनी कपाळाला हात लावला. "घुबड? देवळात? आणि तेही सणाला? लोक काय म्हणतील! टोपलीत भरा पिल्लं आणि ठेवा कुठंतरी आडोशाला."

"हलवली तर आई टाकून जाईल, साहेब."

"मंडळी चाळीस दिवस त्या घंटेची वाट बघते, कुंदनराव."

ते काही खोटं नव्हतं. कुंदन टोपली घेऊन परत वर गेला. जाडजूड हातमोजे घातले, मन घट्ट केलं, हात पुढे केला. त्याला वाटलं होतं, आता उडेल. मनोऱ्याची खिडकी सताड उघडी होती, बाहेर अख्खं आभाळ मोकळं. पण ती उडाली नाही. दोन्ही पंख पसरून पिल्लांवर पडली, मान खाली घातली आणि चोच वाजवत राहिली. सगळं अंग थरथरत होतं तिचं. हातमोजा तिच्या पिसांना लागला, तरी हलली नाही.

"अगं, जा ना!" कुंदन ओरडला. "मरशील की!"

कुणी सांगितलं होतं हिला, मरायला थांब म्हणून? कोण देतं ही अक्कल एवढ्याशा जिवाला? लहानपणी बापाच्या मांडीवर ऐकलेलं, पळून जाता येत असताना न पळता क्रुसावर गेलेल्या कुणाचं तरी, त्याच्या मनात वर आलं. कुंदनला काहीच उमजेना. बाहीने डोळे पुसले, आणि घुबडापुढे रडतोय याची लाजही वाटली. तो रिकामी टोपली घेऊन खाली उतरला.

"घंटा वाजणार नाही," त्याने पाळकसाहेबांना सांगितलं.

"मग लोकांना उठवणार कोण?"

"ग्रुपवर टाकू."

"अक्काबाईला दिसतो का तुमचा ग्रुप?" अक्काबाई म्हणजे वस्तीतली आंधळी म्हातारी. घंटेच्या आवाजाचा माग धरत ती एकटी देवळात यायची.

"मग मी उठवतो. दारोदार जाऊन." बोलून गेला आणि जीभ चावली त्याने.

"आणि दारात काय म्हणणार? दूधवाला आलाय?" साहेब आता हसत होते. "घंटेचा निरोप काय असतो ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता. तोच तर लोच्या होता!

पहाटे तो निघाला. पहिल्या दारी नुसती कडी वाजवून "चला, वेळ झाली" म्हणाला. दुसऱ्या दारीही तेच. तिसरं दार अक्काबाईचं. ती लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती.

"कोण? कुंदन? घंटा का नाय रे झाली? मला वाटलं, मीच बहिरी झाले आता."

"नाही, अक्काबाई. मी... ते..." तिच्यासमोर दूधवाला होऊन चालणार नव्हतं. "प्रभू उठला आहे."

म्हातारी म्हणाली, "तू पाहिलंस?"

"नाही." खोटं बोलवेना. "मी घंटेखाली एक घुबड पाहिलं. मी हात घातला तरी पिल्लांवरून उठलं नाही. जीव द्यायला तयार होतं. म्हणून घंटा नाही वाजवली. बाकी मला काही कळत नाही, अक्काबाई. काल दुपारपासून तर काहीच कळत नाहीये."

अक्काबाईने हात पुढे केला, चाचपडत त्याची बाही पकडली.

"खरोखर उठला आहे," ती म्हणाली. मंडळीचं ठरलेलंच उत्तर ते, पण कुंदनला कुणी देण्याची ही पहिलीच वेळ. "चल. बाकीची दारं राहिलीत ना? मीबी येते."

"तुम्ही कशाला? अंधार आहे."

"मला काय त्याचं?" म्हातारी हसली. "तू बोलत राहा म्हंजे झालं. तुझ्या आवाजावर येते मी."

कुंदन पुढच्या दाराशी थांबला. मागे अक्काबाई बाही धरून उभी होती. त्याने कडी वाजवली, आणि आतला दिवा लागायची वाटही न बघता मोठ्याने म्हणाला, "प्रभू उठला आहे!"